लशीमुळे

पूनमला पाचवा महिना होता, म्हणून उरणच्या दवाखान्यात नवरा-बायको दोघांचंही रक्त तपासलं. तिचं ठीक निघालं. अल्पेशचं मात्र एचआयव्ही पॉझिटिव्ह आलं.

न्हावा शेवा बंदरात ट्रेलर चालवणारा अल्पेश जराही डगमगला नाही. "मना काय नाय झालंय गो, ते लशीमुलं हाय," तो म्हणाला. दीड वर्षापूर्वी मुंबईत एचआयव्हीवरच्या नव्या लशीची चाचणी चालू होती, तिथं त्यानं आपणहून दोनदा सुई टोचून घेतली होती. सर्दीच्या विषाणूला निरुपद्रवी करून त्याच्याकरवी ही लस अंगात सोडतात, आणि मग रोग नसतानाही साधी तपासणी पॉझिटिव्ह येऊ शकते, असं तिथं सगळ्यांना सांगितलं होतं.

हे घरात कुणाला पटेना. सासूनं अल्पेशची ताट-वाटी वेगळी काढली, तेव्हा पूनम पहिल्यांदाच तिच्यासमोर उभी राहिली. "ह्यांनी चार लोकांच्या भल्यासाठी सुया टोचून घेतल्या, आई. ह्यांना नावं ठेवू नका." सगळ्यांची तोंडं कायमची बंद व्हावीत म्हणून तिनंच हट्ट धरला आणि हे लशीमुळेच आहे असा लेखी कागद आणायला अल्पेशला घेऊन मुंबई गाठली.

चाचणीच्या केंद्रातल्या डॉक्टरबाईंनी अल्पेशची परवानगी घेऊन त्याची नोंद उघडली आणि ती पुन्हा एकदा वाचून पाहिली.

 

"चाचणीत निम्म्यांना लस देतात आणि निम्म्यांना नुसतं मिठाचं पाणी," त्या हळूच म्हणाल्या, "अल्पेश, तुम्हाला लस मिळालीच नव्हती."