शिखर की ज्योत

सासूबाईंना हॉलमधल्या सगळ्यात उंच खुर्चीत बसवलं, पाठीला उशी दिली आणि त्यांचीच गोधडी त्यांच्या मांडीवर अशी अलगद ठेवली, जणू ती काचेची होती. मग सगळ्या बायका गप्प झाल्या. गोधडी मंडळात असं सहसा होत नसे.

"आजी, घाई नाही," मंडळाच्या प्रमुख म्हणाल्या. त्या निवृत्त मुख्याध्यापिका होत्या. सगळ्या त्यांना बाई म्हणत. "हे कोपऱ्यातलं काळं ठिगळ नीट बघा. हे शिखर ना?"

"की ज्योत?" पलीकडच्या सोफ्यावरून डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

सून चहाचा ट्रे घेऊन दारापाशी उभी होती. आत टाकलेलं पाऊल तिने मागे घेतलं.

गोधडी मंडळात आणली होती तिनेच. जुनी गोधडी समोर ठेवून जशीच्या तशी नवी शिवायची, असा मंडळाचा नियम. कुणी आजीची आणी, कुणी पणजीची. हिच्याकडे दाखवण्यासारखं काही नव्हतं, म्हणून ही कडेकडेने वावरायची आणि कप विसळायची. मग एकदा तिने सासूबाईंच्या आईच्या हातची गोधडी आणली. लाल-पिवळ्या चौकोनांच्या रांगा, आणि एका कोपऱ्यात खाली सपाट, वर निमुळतं होत गेलेलं काळं ठिगळ. अशी नक्षी कुणी पाहिली नव्हती. बाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "पूर्वजांनी काही उगाच केलेलं नसतं," त्या म्हणाल्या.

सुनेने तिथेच बोलायला हवं होतं. पण त्या दिवशी पहिल्यांदाच कुणीतरी तिला बसायला खुर्ची दिली होती.

मंडळ झपाटल्यासारखं कामाला लागलं. कोरं कापड विकत आणून चहाच्या पाण्यात उकळून जुनं केलं. टाके जुन्या काळासारखे वाकडे यावेत म्हणून एकीने चष्मा काढून शिवलं. आणि प्रत्येक गोधडीच्या कोपऱ्यात ते काळं ठिगळ आलं. माणसाने वर बघावं म्हणून ते शिखर आहे, असं बाईंचं मत. घरात उजेड राहावा म्हणून ती ज्योत आहे, असं डॉक्टरीणबाईंचं. मंडळात उभे दोन तट पडले. शिखरवाल्या टोक ताठ ठेवत, ज्योतवाल्या वाऱ्यावर जरा कललेलं. एकमेकींची कात्री घेणंसुद्धा बंद झालं. गोधड्यांचं प्रदर्शन तोंडावर आलं, पाटीवर नक्षीचं नाव काय छापायचं ते ठरेना. शेवटी कुणीतरी म्हणालं, आजी आहेत ना अजून, त्यांनाच बोलवू.

तेव्हापासून सून त्यांना न आणण्याची निमित्तं शोधत होती. कारण ते शिखरही नव्हतं आणि ज्योतही नव्हती. ती इस्त्री होती.

लग्न होऊन महिनाही झाला नव्हता. पलंगावर गोधडी पसरून ती नवऱ्याचा शर्ट इस्त्री करत होती. बाहेर फोन वाजला, ती गेली, आणि परत आली तेव्हा खोलीत धूर. इस्त्रीखाली गोधडी आरपार करपलेली. सासऱ्यांची जीभ अशी, की चमचा पडला तरी पाडणारीच्या माहेरापर्यंत जाऊन यायची. तिने करपलेला तुकडा कडेकडेने कापून टाकला आणि सासूबाईंना भोक दाखवून म्हणाली, "उंदराने कुरतडलं वाटतं."

सासूबाईंनी भोकाच्या कडेवरून बोट फिरवलं. "मोठाच दिसतोय," एवढंच म्हणाल्या. जुन्या छत्रीचं काळं कापड लावून त्यांनी भोक बुजवलं आणि माळ्यावर पिंजरा लावला. सासरे रोज सकाळी पिंजरा बघायचे आणि उंदराच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचे. उंदीर काही सापडला नाही. पुढे सासरे गेले, पिंजरा गंजला. ठिगळ राहिलं.

आता सासूबाई सरळ सांगणार, अहो, हे उंदराने कुरतडलेलं भोक. मग कुणीतरी विचारणार, इतकं रेखीव कुरतडणारा उंदीर कुठला? एकीला जरी घरची इस्त्री आठवली, की संपलं. मंडळात तोंड लपवावं लागलं असतं, ते एक वेळ चाललं असतं. पण घरी रोज त्याच ओट्यापाशी सासूबाईंच्या शेजारी उभं राहायचं होतं. आणि गोधडी त्यांच्या आईची होती.

सासूबाईंनी आधी मांडीवरची गोधडी पाहिली. मग भिंतीवर टांगलेल्या नव्या गोधड्या पाहिल्या, एकेक करून, सावकाश. कोपऱ्याकोपऱ्यात काळी इस्त्री. काही ताठ, काही कललेल्या. त्यांनी रुमाल तोंडाला लावला. त्यांचे खांदे थोडा वेळ हलले. खोकला असावा.

"शिखर नाही," त्या म्हणाल्या.

ज्योतवाल्या सरसावून बसल्या.

"ज्योतही नाही. आमच्याकडे ह्याला उंदीर म्हणतात."

सगळ्यात आधी बाई सावरल्या. "अर्थात. हे निमुळतं तोंड बघा ना. मला संशय होताच."

"पण मग शेपूट?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"शेपूट सूचित केलंय," बाई म्हणाल्या. "आजी, हा उंदीर केव्हा काढायचा असतो?"

"नवी सून घरात आली की. एकदाच."

सगळ्यांनी ते लिहून घेतलं. मग सूचित शेपूट डावीकडे की उजवीकडे, यावरून सोफ्यावर नवे तट पडायला लागले.

सून चहा द्यायला वाकली. तिला मान वर करवेना. सासूबाईंनी कप घेतला, फुंकर घातली, एक घोट घेतला आणि फक्त तिला ऐकू जाईल एवढ्याच आवाजात म्हणाल्या, "साखर कमी पडली गं. आणि त्या पिंजऱ्यात उंदरासाठी मी कधी भाकरीचा तुकडा लावलाच नव्हता."