पोटरीतली गाठ

राजनंदिनीनं रोलर पोटरीखाली घेतला, दोन्ही हात मागं टेकले आणि कंबर उचलून पुढं-मागं सरकायला लागली. तिसऱ्याच फेरीला रोलर तेलकट फरशीवर सटकला आणि कपाटाखाली गेला.

"मायला."

"तोंड सांभाळ," आतून भाकरी थापता थापता आई म्हणाली.

राजनंदिनीनं पालथं पडून, हात घालून रोलर ओढून काढला. निळं, खडबडीत, हातभर लांब फोमचं नळकांडं. फिजिओ मॅडमनी बजावलं होतं, हळू फिरव, श्वास सोडत फिरव, फार दुखवून घेऊ नको. हळू कसलं आलंय डोंबलाचं! उद्या सकाळी जिल्ह्याच्या कुस्ती संघाची निवड, आणि डाव्या पोटरीत गाठ अशी की टाच उचलली तरी डोळ्यांपुढं काजवे. मागचा पाय रेटता आला नाही तर समोरच्या पोरीच्या पायात घुसायचं कसं?

तालमीच्या घरची पोर ती. दुखलं म्हणजे गुण आला, एवढंच लहानपणापासून ऐकलेलं. तिनं उजवा पाय डाव्यावर टाकला आणि अंगातलं सगळं वजन रोलरवर सोडलं. गाठ जागची हलली नाही. आजूबाजूचं मांस मात्र ठणकायला लागलं.

पलीकडं सतरंजीवर तिचा धाकटा भाऊ आदर्श मोबाईल बघत पालथा पडला होता. वडील, गणपतराव, त्याच्या पोटऱ्या रगडत होते. शेजारी वाटीत कोमट तेल. आदर्शला उद्या काही नव्हतं, परवाही नव्हतं. सकाळी तालमीत चार जोर मारून गडी मिसळ खायला पळाला होता. पण पोरानं मेहनत केली की बापानं संध्याकाळी त्याचं अंग रगडायचं, हा घरचा रिवाज. राजनंदिनी लहान होती तोवर तीही त्या सतरंजीवर पडायची. मोठी झाली तसा गणपतरावांनी हात मागं घेतला. कुणी सांगितलं नव्हतं, आणि सांगावंही लागलं नाही. तालमीत पोरं एकमेकांची अंगं रगडतात. हिनं रोलर मागवला.

"भायेरच्या अंगाला घे जरा," गणपतराव तिच्याकडं न बघता म्हणाले.

"घेतलंय."

"न्हाय घेतलंस. हाडाकडंनं फिरवालीस. आवाजावरनं कळतंय."

तिनं बाहेरच्या अंगाला घेतलं. रोलर एवढा जाडजूड, आणि गाठ सुपारीएवढी. तो आपला गाठीवरनं नुसताच जायचा नि यायचा.

"आता वर सरक. गुडघ्याकडं. हां, तितं. तितं अंगठ्यानं..." गणपतराव बोलता बोलता थांबले. रोलरला अंगठा कुठनं येणार?

"आण्णा, आक्काचं बघा की," आदर्श म्हणाला. "मला नुसत्या गुदगुल्या हुत्यात."

"तू गप पड."

राजनंदिनी उठली. भिंतीला धरून चवड्यावर उभं राहून बघितलं आणि पोटरीत असा गोळा आला की मटकन खालीच बसली. मग लंगडत सतरंजीपाशी आली आणि रोलर आदर्शच्या पाठीवर ठेवला.

"ऊठ. हे तुला घे."

तो उठला. त्याच्या जागेवर बसून तिनं डावा पाय वडलांपुढं पसरला.

"दाबा आण्णा."

गणपतरावांचे तेलानं माखलेले हात तसेच अधांतरी राहिले. त्यांनी उघड्या दारातनं बाहेर बघितलं. गल्लीत समोरच्या कट्ट्यावर शालूबाई गवारी मोडत बसल्या होत्या.

"शालूबाई हाईत समोर," ते खालच्या आवाजात म्हणाले.

"असू देत की. उद्या माझ्या जागी मॅटवर शालूबाई उतरणार हाईत व्हय?"

आदर्श फिसकन हसला आणि आण्णांचं तोंड बघून गप्प झाला.

"तसं न्हवं गं. लोकं काय म्हंतील..."

"लोकांचा काय संबंध?" राजनंदिनीचा आवाज चिरकला. "सकाळपासनं मरतोय मी ह्या गाठीपायी. तुमाला ती बसल्या जागंवरनं कळतीया. कुटं दाबायचं ते सांगतायसा बी. मग हात लावला तर काय झडतोय काय तुमचा?"

भाकरीची थाप थांबली. आई चुलीपुढनं उठून आतल्या दारात आली.

गणपतराव उठले. शालूबाईंनी मान वर करून विचारलं, "जेवान झालं काय पैलवान?" त्यांनी नुसती मान हलवली, दार लोटलं आणि आतनं कडी घातली.

मग येऊन बसले. लेकीचा पाय मांडीवर घेतला. अंगठा पोटरीवरनं एकदाच फिरला आणि बरोबर गाठीवर जाऊन बसला. राजनंदिनीच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यात दुखण्याचं किती आणि संतापाचं किती, तिचं तिलाच कळेना. ते दाबत गेले, सोडत गेले, परत दाबत गेले. हळूहळू पाय तिचा तिला हलका वाटायला लागला.

"सुटतीया," गणपतराव म्हणाले. आवाज एकदम मोकळा झाला होता. "लढतीस बघ उद्या. मारतीस मैदान."

राजनंदिनीनं डोळे पुसले आणि दाराकडं बघितलं.

"आण्णा, उद्या मी जिंकलो, तर पेढं बी कडी घालूनच वाटायचं काय?"