धवळ्यातली मोकळी जागा

सुरेंद्रने पुन्हा टेप थांबवला. "बाबा, परत गप्प झालात तुम्ही."

"गप नाय झालो," बुधू म्हणाला. "जागा सोडली."

मुरबाडच्या बाजारात कॅसेटच्या दुकानामागची ती खोली. भिंतींना गोधड्या ठोकलेल्या, आवाज नको म्हणून पंखा बंद, आणि आत तिघं घामाने निथळत होते. सुरेंद्र दुकानाचा मालक. रंजना कल्याणच्या ऑर्केस्ट्रात गाणारी, आज मुद्दाम बोलावलेली. आणि बुधू, सिद्धगडाच्या पायथ्याच्या वाडीतला म्हातारा, ज्याच्या माउथ ऑर्गनवर पार खर्डीपर्यंतच्या वराती नाचल्या होत्या. त्याने वाजवलेल्या सिनेमातल्या गाण्यांच्या कॅसेटी हातोहात खपल्या होत्या. या वेळी मात्र म्हातारा हटून बसला होता, वाजवीन तर जुने धवळेच वाजवीन.

धवळे म्हणजे वाडीतली लग्नाची गाणी. तिथे लग्नाला भटजी लागत नाही. धवळेरी बाई गाते आणि लग्न लागतं. बुधूच्या वाडीत ठकू गायची. तिचं एक कडवं झालं की याचा बाजा, म्हणजे तोच माउथ ऑर्गन, बाजा थांबला की पुन्हा ती. गेल्या होळीला ठकू वारली. बुधू धवळे वाजवत होता ते तसेच, तिच्या जागा मोकळ्या सोडून.

सुरेंद्र काही वाईट माणूस नव्हता. पण मध्येच मुकी होणारी कॅसेट घेऊन लोक दुकानावर भांडायला येतील, हे तो सकाळपासून सांगत होता आणि ते पालथ्या घड्यावर पाणी ठरत होतं. मोकळ्या जागेत कॅसिओचे सूर भरू, असं तो म्हणाला, तेव्हा बुधूने बाजा सरळ खिशात घातला होता. म्हणून मग रंजना.

रंजनाने बुधूकडून लिहून घेतलेल्या शब्दांचा कागद बघून सूर लावला. आवाज गोड, शंकाच नाही. पण दुसऱ्याच ओळीला ती अडली. इथे नवरीचं नाव घ्यायचंय, कुठलं घेऊ, असं तिने विचारलं.

"कुठलंही घे," सुरेंद्र म्हणाला. "मीना घे. गोड वाटतं."

बुधूला राग आला होता, पण हसू आधी आलं. "म्हंजे जिकडं ही कॅसेट लागंल तिकडं मीनाचंच लगीन लागंल. बाकीच्या पोरींनी काय करायचं रे?"

रंजना खुदकन हसली. सुरेंद्रही हसला, पण मागे हटला नाही. जागा भरल्या तर कॅसेट निघेल, नाहीतर नाही, असं त्याने सांगून टाकलं.

बुधू घाबरला. खरंच घाबरला. दुकानाची पायरी चढतानासुद्धा त्याला हल्ली बसावं लागे. ही कॅसेट निघाली नाही, तर दुसरी वाजवायला छाती उरणार नव्हती, आणि ठकूमागोमाग तिचे धवळेही मातीत जाणार होते. होय म्हणायला काय जात होतं? पोरीचा आवाज गोड होता. मीना नाव वाईट नव्हतं. ठकू काही भांडायला येणार नव्हती.

"लाव टेप," तो म्हणाला.

म्हातारा वळणावर आला, असं सुरेंद्रला वाटलं. रंजना माइकजवळ सरकली. बुधूने आपला तुकडा वाजवला, छातीतल्या घरघरीसकट, आणि बाजा ओठांवरून काढून रंजनापुढे हात आडवा धरला. ती गप्प राहिली. टेप फिरत राहिला. बाहेर बाजारात कोणी सुकट विकत होतं, त्याची आरोळी आत आली. बुधूचे ओठ मात्र हलत होते. ठकूचं कडवं त्याच्या मनात संपलं, तेव्हा त्याने बाजा पुन्हा तोंडाला लावला. सुरेंद्रचं बोट बटणावर होतं, पण म्हाताऱ्याला लागलेली धाप बघून त्याच्याने ते दाबवलं नाही. टेप संपेपर्यंत असंच चाललं.

पंखा लावत सुरेंद्र म्हणाला की ठीक आहे, काढतो अशीच. ज्याच्या घरी लग्न, तिथली धवळेरी त्या मोकळ्या जागांत त्यांच्या नवरीचं नाव घेऊन गाईल, हे त्यालाही आता पटलं होतं. पण एक गोष्ट त्याला सुटत नव्हती.

"बाबा, ठकूबाईसारख्या बायका आता राहिल्यात किती? ज्या मांडवात कोणालाच गाता येत नसेल, तिथे काय करतील लोक?"

बुधूने बाजा तळहातावर आपटून त्यातली थुंकी झाडली.

"मंग तेवढा टाइम बसतील गप," तो म्हणाला. "कळू दे त्यांना, काय गेलं ते."