हस्तिदंताची पारख

सात वर्षांच्या मुक्ताच्या हातून फुलदाणी पडली आणि शरदिनीआजींच्या जुन्या पियानोच्या एका पांढऱ्या पट्टीवरचा हस्तिदंताचा तुकडा फुटला. ती रडायलाच लागली.

"रडू नकोस, दुसरा शोधू," आजी म्हणाल्या. "पण प्लास्टिक चालायचं नाही. हस्तिदंत कसा ओळखायचा सांगू? त्यावर बारीक रेषा असतात. काळे ठिपके दिसले, तर ते हाड."

चार दिवस मुक्ता पियानो शिकायला फिरकली नाही. पाचव्या दिवशी धापा टाकत आली.

"आजी, मिल गया! पुराचा गाळ साचलाय ना रामघाटावर, त्यात होता. बघा, पट्टीवर बरोबर बसतोय."

आजींनी चष्मा लावून तुकडा उजेडात धरला. मुक्ताही वाकून बघू लागली.

"पण आजी, रेषा कुठे आहेत? हे तर ठिपके."

आजींनी खिडकीतून नदीच्या वरच्या अंगाला पाहिलं. तिकडे मणिकर्णिकेच्या स्मशानात गेल्याच महिन्यात मुक्ताच्या बाबांना अग्नी दिला होता.



"असतात बेटा," आजी म्हणाल्या, "हस्तिदंतालाही ठिपके असतात."