अळीचे पाय

क्षमाच्या पत्राला नंदकुमारांनी उत्तर दिलंच नव्हतं. गेल्या थंडीत रत्नागिरीहून लेकीनं विचारलं होतं, "बाबा, जास्वंदीला मावा लागलाय. त्यात काळ्या, काटेरी अळ्याही आल्यात. सासूबाई तंबाखूचं पाणी फवारायचं म्हणतात. फवारू का?"

उत्तर त्यांना ठाऊक होतं. त्या अळ्या मावा खाऊनच वाढतात, पुढे त्यांचे ठिपक्यांचे लाल ढालकिडे होतात. पण आपल्या नुसत्या शब्दावर कोण विश्वास ठेवणार? फोटोच पाठवावा म्हणून ते मुलुंडच्या घरामागे, जास्वंदीपाशी कॅमेरा घेऊन बसले. एक फोटो बरा आला, पण अळीचे पाय पुसट. पुन्हा काढू, पुन्हा काढू म्हणता म्हणता पावसाळा आला, आणि त्या पावसाळ्यात क्षमा काविळीनं गेली.

आज ते पुन्हा तिथंच बसले होते. पत्नी नलिनीताईंनी फांदी धरली होती. वाऱ्यानं पान हललं तसा नंदकुमारांनी कॅमेऱ्यावरून डोळा काढला.

"अहो, दाबा की बटण! अळीला पंख फुटतील, तरी तुमचं आपलं चालूच."

मागच्या दाराशी जावई उभा होता. चंद्रप्रकाश कामासाठी मुंबईत आला होता, संध्याकाळच्या एस्टीनं परत निघायचा होता.

"बाबा, आईनं विचारायला सांगितलंय. जास्वंदीवर यंदाही त्या अळ्या आल्यात. काय करायचं?"

"विहीणबाई तंबाखूचं पाणी मारणार होत्या ना?"

"नाही मारलं. क्षमानं बजावलं होतं ना, बाबांचं उत्तर येईपर्यंत झाडाला हात लावायचा नाही. आई अजून थांबलीय."

नलिनीताईंच्या हातून फांदी सुटली. त्या म्हणाल्या, "अहो, पोरीनं फोटो मागितला होता का?"

नंदकुमार घरात गेले. कपाटातून गेल्या वर्षीचा तोच फोटो काढला. मागे लिहिलं, 'क्षमा, फवारू नकोस. या मावा खातात. त्यांना राहू दे.'

"द्या, मी नेतो," चंद्रप्रकाशनं हात पुढे केला.

त्यांनी मान हलवली. पाकिटावर क्षमाचं नाव लिहिलं, खाली रत्नागिरीचा पत्ता, आणि तसेच चपला सरकवून नाक्यावर गेले.

पाकीट टपालपेटीच्या तळाशी पडल्याचा आवाज आला. तरी त्यांची बोटं फटीतून निघेनात.