खिशातला हात

"दादा, तो डावा हात खिशात घाला, नाहीतर मी ही गिटार उचलून घरी चालले!"

तालमीच्या हॉलमधली सगळी वाद्यं थांबली. रेवतीचा आवाज चढायची ही पहिली वेळ नव्हती, पण थेट ऑर्केस्ट्राच्या मालकावर, तेही सगळ्यांदेखत? नंदूदादांचा उजवा हात की-बोर्डवर झकास चालायचा, पण डावा मात्र खालच्या सुरांवर धबाधबा आपटत राहायचा. रेवतीच्या बेस गिटारचं काम नेमकं तिथेच होतं. ड्रमच्या ठोक्याबरोबर एक सूर टाकायचा, मग गाणारीसाठी जागा सोडायची. रेवती जागा सोडायची आणि दादा तिथे पाय पसरून बसायचे.

"अगं, आधीचा बेसवाला गेल्यापासून आठ वर्षं मीच वाजवतोय ते. हाताला सवय झालीय."

"मग मला कशाला घेतलंत? शोभेला?"

दादांनी निमूटपणे हात खिशात कोंबला. गाणं पुन्हा सुरू झालं. या खेपेला गाणारीचा शब्दन् शब्द मोकळा ऐकू आला, तरी रेवतीचा राग काही उतरेना. तिने वळून पाहिलं, तर खिशात बोटं वळवळतच होती! ती पुन्हा ओरडणार, एवढ्यात तिच्या लक्षात आलं. बोटं तिच्याच सुरांबरोबर हलत होती, आणि ती थांबली की बोटंही थांबत होती.

कडवं संपताच ती दादांवर खेकसली, "काढा आता तो हात बाहेर!"