एकवीस जूनची रात्र

“अहवाल हाती आला की आकड्याआधी तारीख वाचायची,” निवृत्त होताना साहेबांनी साइमीला बजावलं होतं. फिनलंडच्या उत्तर भागात, ओउलू शहरात, जाहिरातफलकांचे परवाने आता तीच देई. फलकाच्या झगमगाटाने हिवाळाभर झोप उडालेल्या एल्वीआजींची तक्रार टेबलावर होती. “बाई, रात्री अकराला म्हातारीच्याच खिडकीत उजेड मोजलाय. फलक चालू काय, बंद काय, फरक शून्य. तिला दुसरा उद्योग नाही,” फलकाच्या कंपनीचा माणूस अहवाल पुढे सरकवत म्हणाला. अहवालावर तारीख होती एकवीस जून. “त्या रात्री अकराला सूर्य मावळलाही नव्हता; मी अंगणात उन्हात विणत बसले होते,” साइमी शांतपणे म्हणाली. “सूर्यापुढे तुमच्या फलकाला कोण विचारतं?” “मग हिवाळ्यापर्यंत थांबायचं?” “फलक बंद ठेवून.” आजींना तिने शब्द दिला, अंधार पडला की स्वतः मोजायला येईन. नोव्हेंबरात दुपारी चारलाच काळोख झाला. प्रकाशमापक पिशवीत टाकून तिने बर्फात सायकल काढली.